काजलचं रोप

धामणगाव बढ्याच्या बस स्टॉपवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला देवानंद हिवराळेंचं मोटर वाइंडिंगचं दुकान लागतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी तिथे पोट उघडं टाकून पडलेल्या असतात. देवानंद त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत भरतात. समता त्यांची एकुलती लेक. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून ती दुकानात यायची आणि वडिलांसाठी वेढे मोजायची. एक वेढा कमी पडला तर मोटर शेतात जाऊन पुन्हा जळते, हे तिला सातव्या वर्षीच ठाऊक झालं होतं. मोजणी चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलंच तर देवानंद नुसता हात वर करत, आणि गिऱ्हाईक उंबऱ्याशी थांबून राही.

समताची आई तानाबाई अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवणं, घरोघर फिरून मुलं गोळा करणं, रडणाऱ्याला गोंजारत वजनकाट्यात बसवणं, ही तिची कामं. कुणाचं पोरगं बसायला लागलं, कुणाचं अजून मान धरत नाही, हे तिला त्या पोराच्या आजीआधी कळायचं.

या घरातून समता आधी बुलढाण्याला शिकायला गेली, मग संभाजीनगरला, आणि तिथून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मले भूक लागून राह्यली." खोलीतल्या मुलींनी ते वाक्य पुढचे आठ दिवस एकमेकींना म्हणून दाखवलं. मुली वाईट नव्हत्या. समताही त्यांच्याबरोबर हसली. पण त्यानंतर ती बोली तिने फक्त घरच्या फोनपुरती ठेवली.

तिचं काम मेंदूवरचं. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला उघडलेली कवटी दिसते. तसं त्यात काही नव्हतं. माणसाचा मेंदू आईच्या पोटात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कसा घडतो हे कुणाला बघता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक आडवाट काढली आहे. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना कित्येक महिने खटपट करून पुन्हा अगदी मूळच्या, कोवळ्या अवस्थेत न्यायचं, आणि मग मेंदू होण्याच्या वाटेला लावायचं. काचेसारख्या बशीत गुलाबी पोषक द्रवात त्यांचा एक गोळा तयार होतो. दोन महिन्यांत तो ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि पाच महिन्यांतही वाटाण्याएवढा होत नाही. त्याला विचार करता येत नाही, दुखत नाही. तो कुणाचा मेंदू नसतो. पण ज्याचं रक्त, त्याच्या मेंदूची सुरुवात कशी झाली असेल याची खूण त्यात सापडते. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. त्याचा द्रव दर दुसऱ्या दिवशी बदलावा लागतो, मग त्या दिवशी दिवाळी असो की चौदा एप्रिल. समताचा हात त्या कामात इतका स्थिर होता की तिच्या मार्गदर्शक मॅडमनी एकदा विचारलं, "हे कुठे शिकलीस?" "मोटरींवर," ती म्हणाली. सगळे हसले. तिने विनोद केला नव्हता.

जन्मतःच डोकं लहान असलेली मुलं, हा विषय तिने निवडला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजल होती.

काजल ही कडूबा आणि सुवर्णा यांची मुलगी. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर, मागे दोन एकर मिरची. काजलचं डोकं पहिल्यापासून लहान. चौथ्या वर्षी ती भिंत धरून उभी राहिली. शब्द तिला एकच येई, 'आई', आणि तोही ती आजीला, कोंबडीला, तानाबाईला, सगळ्यांना म्हणे. अंगणवाडीत तानाबाई तिला मांडीवर घेऊन भरवायची. काजल पोटात असताना सुवर्णाने पाठीवर पंप घेऊन मिरचीवर फवारणी केली होती. त्यामुळेच हे झालं, असं तिची सासू रुखमाबाई कधीतरी रागात बोलून जाई. सुवर्णा ते स्वतःला रोज सांगत असे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात समता आईला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेली. काजल तेव्हा सहा वर्षांची होती.

"ये व ताने," रुखमाबाई ओसरीवरून म्हणाली. "लेक आली काय पुण्याहून? डाक्टर झाली म्हन्तात."

"डॉक्टर नाही हो काकू, अजून शिकून राह्यले," समता म्हणाली.

"अजून? काय व बाई, एवढ्यात तं आमची म्हैस शिकली असती."

सगळे हसले. चहा आला. सगळ्यांना सारखेच कप होते. तानाबाईने ते पाहिलं. तीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर तिला वेगळा कप मिळाला होता. समताच्या ते ध्यानातही आलं नाही.

परवानगीचा कागद नऊ पानांचा होता. समताने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. चौथ्या पानावर वाक्य होतं: सदर संशोधनामधून सहभागी व्यक्तीस कोणताही प्रत्यक्ष वैद्यकीय लाभ होणे अपेक्षित नाही. तेही तिने वाचलं. सुवर्णा मान हलवत होती, जशी माणसं ग्रामसभेत ठराव वाचला जात असताना हलवतात. समताला ते दिसलं. तिने कागद मांडीवर ठेवला. अंगणाच्या कडेला, ओल्या पोत्यांच्या सावलीत, मिरचीच्या रोपांचा वाफा होता. बोटभर रोपं वर आली होती.

"वहिनी," ती आपल्या बोलीत म्हणाली, "तुमी वाफ्यात रोप टाकता ना? तसंच हाय. काजलच्या रक्तापासून आमी तिच्या मेंदूचं रोप टाकतो, तिकडं पुण्याले. त्याले खत-पानी देतो. कसं वाढते ते पाह्यतो."

सुवर्णाचा चेहरा बदलला. इतका वेळ ती दारात उभी होती, ती पुढे येऊन बसली.

"रोप?"

"हाव."

"तिथल्या हवेनं मरत तं नाई?"

"नाही मरत. लय जपतो आमी."

सुवर्णाने सही केली. मग कडूबाने केली. पुण्याला परतल्यावर समताने प्रयोगशाळेतल्या प्रेरणाताईला ही गोष्ट अभिमानाने सांगितली. प्रेरणाताई तिच्याहून दोन वर्षं पुढे होती. "तुम्हाला कुणाला हे जमलं नसतं," समता म्हणाली. ज्या बोलीचं होस्टेलवर हसू झालं होतं तीच इथे कामी आली, याचं तिला सुख झालं होतं. प्रेरणाताईनेही ते मान्य केलं.

त्यानंतर समता गावी आली की सुवर्णा गाठायची. "रोप कसं हाय?" ती विचारायची.

"चांगलं हाय वहिनी."

"केवढं झालं?"

"ज्वारीच्या दान्याएवढं."

"बाई! एवढूसंच?"

"वाढीन ना."

ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं त्यांतलं दुसरं कुणी असं विचारत नसे. समताला बरं वाटे. मॅडमना ती म्हणाली होती, "आमच्या गावची माणसं विज्ञानात रस घेतात."

प्रयोगशाळेत काजलचे गोळे इतरांपेक्षा लहानच राहिले. का, ते हळूहळू उलगडत गेलं. मेंदूच्या मूळच्या पेशींनी आधी खूप वेळ नुसतं वाढायचं असतं, एकीच्या दोन, दोनाच्या चार. पुरेशा झाल्या की मग त्यांनी मेंदूचं काम घ्यायचं. काजलच्या पेशी ती वाट बघत नव्हत्या. त्या लवकरच कामाच्या होऊन जात, आणि मागे वाढायला फारशा उरत नसत. हे पक्कं करण्यासाठी समताने शेवटची मोठी तुकडी लावली. साठ, शंभर, एकशे चाळीस आणि एकशे ऐंशी दिवसांचे नमुने घ्यायचे, आणि त्यावर प्रबंधाचा तिसरा भाग उभा करायचा.

यंदा बुद्धपौर्णिमेला ती गावी आली तेव्हा त्या तुकडीचा एकशे सदतिसावा दिवस होता. मागे द्रव बदलायचं काम प्रेरणाताईकडे सोपवलं होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा काजलला कडेवर घेऊन हिवराळ्यांच्या घरी आली. काजल आता नऊ वर्षांची. तिचे पाय सुवर्णाच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. डोकं भादरलेलं होतं.

"उन्हाळ्याचं केस काढले ते बरं केलं," समता म्हणाली.

"उन्हाळ्याचं नाई व. तुमचा निरोप कधी येईन काय माहीत. म्हटलं केस असले तं तिथं पुन्हा ताटकळत बसा. दर महिन्याले काढून टाकते मी."

"कसला निरोप?"

"लावाचा." सुवर्णाने काजलला खाली बसवलं आणि पदराने मान पुसली. "आमचं रोप चाळीस दिवसांत येते लावनीले. म्हटलं हे मेंदूचं हाय, टाइम तं लागनच. पन तीन वर्सं झाले बाई. अंदाज तरी सांग. मिरचीच्या लावनीच्या आधी का नंतर? म्हंजे तसे मजूर सांगून ठेवते. पुण्याले गेल्यावर मांग शेत कोन पाहीन?"

तानाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. ती काजलकडे बघत होती. काजलचे गुडघे वाकडे होऊन तसेच राहिले होते, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

"सुवर्णा, हिचे पाय काऊन असे झाले? मोताळ्याच्या दवाखान्यात नेत नाही काय व्यायामाले?"

"दोन वर्सं झाले सोडलं मावशी. ते बाई लय ताणते पाय, पोरगी टाहो फोडते. म्हटलं आता मुळातूनच दुरुस्त होईन, तं उगा रडवाचं कायले लेकराले?"

समता उठून आत गेली आणि पाणी प्यायली. बाहेर येऊन म्हणाली, "सांगते वहिनी. एक-दोन दिवसांत सांगते." सुवर्णा खुशीत गेली. अंदाज मिळणार म्हणजे दिवस जवळ आला, असंच तिने धरलं असणार.

"तू काय सांगतलं होतं तिले?" तानाबाईने विचारलं.

"रोप म्हणाले होते मी. तूही होतीस."

"हाव, होती. मले वाटलं तुले मांगून लावाचं असन काही. मी कोन इचारनारी?" तानाबाईने सूप बाजूला सारलं. "रोप म्हटल्यावर मानूस काय समजन? वाफ्यात ठेवाले कोनी रोप टाकते काय समता?"

दुपारी समताने प्रेरणाताईला फोन लावला. प्रेरणाताईने सगळं ऐकून घेतलं. "तू नऊ पानं वाचून दाखवलीस," ती म्हणाली. "त्यात ते वाक्य आहे. खाली सही आहे. तुझी चूक कुठे आहे? बेचाळीस दिवस राहिलेत फक्त. त्यानंतर जाऊन सांग. तोवर काय बिघडतंय?" ती कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. एक तुकडी वाढवायला काय लागतं हे तिला माहीत होतं, आणि समताची शिष्यवृत्ती यंदाच्या डिसेंबरात संपत होती.

काय बिघडतंय, ते समताने सकाळी पाहिलं होतं. तरी फोन ठेवल्यावर ती तासभर त्या बेचाळीस दिवसांचाच विचार करत बसली. मग तिने मॅडमना फोन केला.

"सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "आजच. आणि त्या थांबवा म्हणाल्या, तर थांबवायचं. गोठवून ठेवलेल्या पेशींसकट. आपण तसं लिहून दिलंय."

"हो मॅडम."

"मी येऊ का?"

"नको. बोलणं माझं चुकलंय."

निघताना ती दुकानावरून गेली. देवानंदांनी विचारलं म्हणून तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"अन् तुही डिग्री?"

"वहिनीनं थांबव म्हटलं तं लांबन."

"किती?"

"दीड वर्स. जास्तही."

देवानंद हातातल्या तारेकडे बघत राहिले. ही मुलगी केव्हा घरी येईल, केव्हा स्थिरस्थावर होईल, हे त्यांना नात्यागोत्यातली माणसं पाच वर्षं विचारत होती. "जा," ते म्हणाले. "उन्ह हाय, डोक्यावर घे काही."

सुवर्णा वाफ्यातलं तण काढत होती. कडूबा तिथेच ठिबकची नळी जोडत बसला होता. रुखमाबाई सावलीत काजलला भाकरीचा काला भरवत होती. कडूबाने खुर्ची आणायला हाक मारली, पण समता वाफ्याशेजारी मातीतच बसली.

"वहिनी, ते पुण्याचं लावता येत नाही."

"अजून लहान हाय काय?"

"नाही. कितीही मोठं झालं तरी नाही. ते काजलले लावाचं नव्हतंच. कधीच नव्हतं. ते फक्त पाहाले होतं, शिकाले."

सुवर्णा हसली. "काय गंमत करते व."

समता हसली नाही. सुवर्णाच्या हातात उपटलेलं तण होतं, ते तिने खाली ठेवलं.

"तू म्हनली रोप."

"म्हणाले. ते म्हणायला नको होतं. माही चूक हाय वहिनी. तुमी बराबर समजल्या, मीच चुकीचं बोलले."

"पाह्य बाप्पा शिकेल पोरीयचं!" रुखमाबाई सावलीतून ओरडली. "आमच्या पोरीचं रगत नेलं, आमाले रोप दाखवलं, अन् पीक सोता काढलं. अन् आता आली हात झटकाले. तिची माय आमच्या घरचा चहा पेते अन् लेक—"

"आई," कडूबा म्हणाला. "गप. तिनं वाचून दाखवलं होतं तव्हा."

"काय वाचलं होतं?"

"काही फायदा होनार नाई म्हनून. होतं त्याच्यात." त्याने नळी खाली ठेवली. "मले तव्हाच समजलं होतं."

सुवर्णा वळून नवऱ्याकडे बघू लागली. तिचा आवाज चढला नाही. "तुमाले समजलं होतं. मंग मले काऊन नाई सांगतलं?"

कडूबा हाताची माती चोळत राहिला. "तू त्या दिवशी जेवली होती," तो म्हणाला. "सा वर्सांत पयल्यांदा दुसऱ्या बारीनं भाजी वाढून घेतली. म्या कसा सांगू?"

रुखमाबाईचा घास हातातच राहिला होता आणि काजल तोंड उघडून वाट बघत होती.

समताने सांगितलं की हे थांबवायचा हक्क सुवर्णाचा आहे. आज म्हटलं तर आजच थांबेल, आणि कुणी त्याचं कारण विचारणार नाही.

"दुखते काय त्याले तिथं?" सुवर्णाने विचारलं.

"नाही. दुखाले जे लागते ते त्यात नसतेच."

"मंग काय समजलं तुमाले त्याच्यातून?"

समता जपून बोलू लागली. या वेळी तिने कशाचीच उपमा दिली नाही. पेशी म्हणजे काय, त्या कशा वाढतात, काजलच्या कशा लवकर थांबतात, एवढंच सांगितलं. हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोटातच घडतं. त्याचं कारण आईकडून थोडं आणि बापाकडून थोडं असं आलेलं असतं, दोघांनाही ते दिसत नसतं. पुढच्या मुलाचा विचार असेल तर मोठ्या दवाखान्यात दोघांची रीतसर तपासणी करावी लागेल, तिथे ती स्वतः बरोबर येईल. "पन पाठीवरच्या पंपानं हे झालं नाही वहिनी," ती म्हणाली. "तेवढं मी सांगू शकते."

रुखमाबाई भिंतीकडे बघू लागली. हे ऐकून सुवर्णाचा जीव हलका होईल असं समताला येताना वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही.

"नऊ वर्सं मी तो पंप उतरवला नाई पाठीवरून," सुवर्णा म्हणाली. "आता तू म्हनतं उतरव. अन् एका हातानं हे देतं, अन् दुसऱ्या हातानं ते नेतं." ती उठून काजलजवळ गेली, तिचा पाय हातात घेऊन सरळ करायला गेली. काजल कण्हली. सुवर्णाने पाय सोडला. "मोडून टाक ते."

समताने पिशवीतून कागद काढला.

"तुहं काम अडते काय त्याच्यानं?"

"अडते."

"लय?"

"दीड वर्स."

सुवर्णाने काजलच्या तोंडाला लागलेला काला पदराने पुसला. समताच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, की यातून पुढे दुसऱ्या मुलांचं भलं होईल. सगळेच ते वाक्य वापरतात आणि ते खोटंही नाही. तिने ते गिळलं.

"तरी मोडून टाक," सुवर्णा म्हणाली. "तिथं ते वाढून राह्यलं म्हनून मी खुश, अन् इथं माह्या पोरीचे पाय आखडून गेले. मले तिथलं काहीच नको आता. जे समजलं ते राहू दे, ते कायले फेकतं. पन ते मोडून टाक."

परवानगी मागे घेण्याचा कागद एका पानाचा होता. समताने एकेक वाक्य वाचलं आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून म्हणाली, "यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा." पाच वाक्यांना अर्धा तास लागला. सुवर्णाने सही केली. समता निघाली तेव्हा तिला 'या' म्हणायला कुणी दारापर्यंत आलं नाही.

एकशे एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी ती पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. बशांमध्ये काजलचे एकतीस गोळे होते. तिने ते नेहमीसारखे मोजले. प्रेरणाताई बाजूला उभी होती. "मी करू का?" तिने विचारलं. समताने नको म्हणून मान हलवली. जंतुनाशकाचा तीव्र द्रव तिने एकेका बशीत सोडला. गुलाबी रंग क्षणात उडाला आणि पांढरे गोळे कडेने विरघळायला लागले. त्यांना दुखत नव्हतं, हे तिच्याइतकं नीट कुणाला माहीत नव्हतं. तरीही एकतीस गोळ्यांना तिला सबंध सकाळ लागली. मग गोठवलेल्या नळ्या काढून उष्णतेच्या यंत्रात घातल्या. नोंदवहीत दोन सह्या लागत, एक तिने केली, एक प्रेरणाताईने. दोघी त्या दिवशी कँटीनमध्ये एकत्रच जेवल्या.

ऑगस्टमध्ये वार्षिक परीक्षण झालं. पडद्यावरच्या आलेखात इतरांच्या रेघा एकशे ऐंशी दिवसांपर्यंत जात होत्या. एक रेघ मध्येच संपत होती. समितीतल्या वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "इथे काय झालं? जंतुसंसर्ग?"

तसं म्हणणं सोपं होतं. होतातही तुकड्या तशा खराब.

"नाही सर. आईने परवानगी काढून घेतली. मी तिला चुकीच्या शब्दांत समजावलं होतं. ते तिला कळल्यावर तिने थांबवायला सांगितलं."

प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "पुढे," प्राध्यापक म्हणाले, आणि समताने पुढचा आलेख लावला. तिसरा भाग नव्या पेशींवर पहिल्यापासून करायचा, असा निर्णय झाला.

सुवर्णा पावसाळाभर हिवराळ्यांच्या घरी आली नाही. दर गुरुवारी ती काजलला घेऊन मोताळ्याच्या बसमध्ये दिसे. दिवाळीत समता बस स्टॉपवर उतरली तेव्हा समोरच तिची गाठ पडली. काजलचे केस वाढून कानावर आले होते. सुवर्णाने समताकडे पाहून मान हलवली. त्यात राग होता की नुसती ओळख, हे समताला समजलं नाही आणि तिने समजून घ्यायची घाई केली नाही. "डावी टाच टेकाले लागली म्हन्तात," तानाबाईने नंतर सांगितलं. "उजवी नाही अजून."

हिवाळ्यात प्रयोगशाळेने परवानगीचं नवं पत्रक केलं. ते समताने लिहिलं. चौथ्या पानावरचं वाक्य तिने पहिल्या पानावर, सगळ्यात वर घेतलं आणि 'सदर' वगैरे काढून टाकलं. ते आता असं आहे: यातून तुमच्या मुलाला काहीही मिळणार नाही.

ते पत्रक घेऊन जानेवारीत ती देऊळगाव राजाला गेली. तिथल्या दोन घरांनी ते पहिलं वाक्य ऐकूनच नको म्हटलं. तिसरं घर बालाजीच्या मंदिरामागे, नारायणरावांचं. त्यांचा नातू शिवम पाच वर्षांचा, त्याचंही डोकं जन्मापासून लहान. शिवमची आई भिंतीला टेकून ऐकत होती.

"काहीच नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"मग कशाला घ्यायचं रक्त?"

समताने सांगितलं. कशाशीही तुलना न करता, सावकाश. बाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नको ताई. उगं टोचायचं लेकराला."

"बरं," समता म्हणाली आणि पत्रक पिशवीत ठेवलं. नारायणराव ओशाळले. इतक्या लांबून आलेल्या मुलीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी चहा टाकायला सांगितला. शिवम सतरंजीवर पाय आखडून पडला होता. त्याचे गुडघे वाकलेले होते, अजून घट्ट झालेले नव्हते.

"याला व्यायामाला कुठे नेता?" समताने विचारलं.

"कुठं नाही. तसं असतं का काही?"

समताने पिशवी बाजूला ठेवली आणि खाली बसली. मोताळ्याच्या व्यायाम घेणाऱ्या त्या बाईंकडून तिने दिवाळीत दोन दुपारी शिकून घेतलं होतं. तिने शिवमच्या गुडघ्याखाली एक तळवा ठेवला, दुसऱ्याने टाच धरली. "या, इकडे बसा," ती त्याच्या आईला म्हणाली. "ओढायचं नाही. नुसतं धरून ठेवायचं आणि तीस मोजायचे. तो रडेल. रडला तरी तीस पुरे करायचे." बाई शेजारी येऊन बसली. समताने तिचा हात घेऊन टाचेवर ठेवला, आणि दोघी मोजू लागल्या. चहा घेऊन आलेले नारायणराव दारातच थांबले.